तिसऱ्या पानावरचा मुहूर्त

आर्णीत बसून मी कापसाच्या भावाची वेबसाइट चालवत होतो. तिच्यावर भाव पाहायला येणाऱ्या माणसाला आधी पोटाची चरबी वितळवणारा काढा पाहावा लागे. मग टकलावर केस उगवणारं तेल, मग गुडघ्याचा पट्टा, मग पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप, मग घरबसल्या पत्ते खेळून लखपती झालेला एक गोरागोमटा तरुण. एवढं सगळं ओलांडून जो खाली उतरेल त्याला कापूस दिसायचा. सकाळी उठून वेचणीला गेलेली बाई दुपारी बांधावर भाकरी खाता खाता फोन उघडायची आणि तिला सांगितलं जायचं की तू फार जाड झाली आहेस. आमच्याकडे कोणाच्या अंगावर चरबी असते हे त्या काढेवाल्याने कधी विचारलं नाही. यातली एकही जाहिरात मी निवडलेली नव्हती. मी फक्त जागा दिली होती, आणि तिथे कोण येऊन काय विकतो हे मलाही पान उघडल्यावरच कळायचं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि अळीतून जे वाचलं त्याला भाव नाही. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी मोठ्या गाडीतून यायचं, वाळलेल्या कपाशीत उभं राहून फोटो काढून घ्यायचं आणि जेवणाच्या वेळेला यवतमाळच्या हॉटेलात परतायचं. त्याच वर्षांत इंटरनेट जवळजवळ फुकट झालं. शेतात अळी आणि खिशात फोन, दोन्ही एकदमच घरोघर पोचले. माझा बसस्टँडच्या रस्त्यावर टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा वर्ग होता. फोन आले आणि पोरांनी वर्गाकडे पाठ फिरवली. रिकाम्या खुर्च्या पुसत बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी भाव गोळा करायला लागलो.

माझी पद्धत साधी होती. रोज दुपारी तीन फोन करायचे. एक अडत्याला, एक जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मुनीमाला आणि एक काट्यावरच्या हमालाला. अडत्या भाव चढवून सांगायचा, कारण त्याला गाड्या यायला हव्या असत. मुनीम उतरवून सांगायचा, कारण आलेल्या गाडीला कमी द्यायचं असे. हमालाला दोन्हीशी देणंघेणं नव्हतं, त्याच्या पाठीवर पोतं तेवढंच जड. मी त्याचा भाव धरायचो. दोन वर्षांत माझं नाव झालं. रस्त्यात मोटरसायकल थांबवून माणसं विचारायची, "आज काय निंगालं?" आणि मी सांगितलं की पुढचा प्रश्न न विचारता निघून जायची. आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव मान. त्याची किंमत मला तेव्हा कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. चांगली कळत होती.

पण वेबसाइट हवेवर चालत नाही. सर्व्हरचं भाडं असतं, वेबसाइटच्या पत्त्याचं वर्षाचं भाडं असतं, फोनचं असतं, आणि बसून लिहिणाऱ्या माणसाला दोन वेळा भूकही लागते. मी एकदा पानावर नम्रपणे लिहिलं की प्रत्येकाने वर्षाला दोन प्लेट आलुबोंड्याचे पैसे दिले तर एकही जाहिरात लावणार नाही. त्या दिवशी मला लोकांची भाषा ऐकायला मिळाली. एकाने लिहिलं, हा आता भाव विकायला बसला. दुसऱ्याने लिहिलं, मोठा झाला, माजला. ज्याला मी रस्त्यात उभं राहून रोज भाव सांगत होतो त्याने लिहिलं की अशा छप्पन साइटी पडल्या आहेत. पैसे पाठवणारे मोजायला एका हाताची बोटं पुरली, आणि त्यातलं एक बोट माझ्या बहिणीचं होतं. चहाच्या टपरीवर चार जणांचे पैसे उडवून देणारा, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर दिवसाला त्याहून जास्त थुंकणारा माणूस फोनमधल्या गोष्टीला पैसा द्यायचा म्हटलं की एकदम गरीब होतो. मला या जातीचा मनापासून तिटकारा आहे आणि मी स्वतः तिच्यातलाच आहे. मीही कधी कोणत्या वेबसाइटला पैसा दिलेला नाही.

म्हणून जाहिराती आल्या. मग जाहिरातींवर बोंबलणारे आले. गावातल्या शाळेत एक मास्तर होते, त्यांनी फोनमध्ये जाहिराती अडवणारं काहीतरी टाकलं होतं आणि ते हॉटेलात बसून सगळ्यांना दाखवायचे. "पाहा, याची साइट माह्या फोनात कशी सापसुतरी दिसते. एक दमडी भेटत नाही त्याले माह्याकडून." हे ते माझ्यासमोर सांगायचे, हसत, माझ्याच पैशाचा चहा पीत. मी रागाने पानावर पाटी लावली की जाहिराती अडवणाऱ्यांनी इथे येऊ नये, यावर आमचं पोट आहे. ती पाटीसुद्धा मास्तरांच्या फोनने अडवली. मास्तरांना तिच्याबद्दल माझ्याच तोंडून कळलं.

याच सुमारास मला पुण्याहून एका जाहिरात कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाजावरून पंचविशीचा असावा. दर वाक्याला 'सर' म्हणायचा आणि शेतकऱ्याला 'शेतकरी बांधव' म्हणायचा. त्याने कपाशीचं झाड जवळून पाहिलेलं असेल याची मला शंका आहे, पण माझं पान त्याने माझ्यापेक्षा बारकाईने पाहिलं होतं.

"सर, तुम्ही भाव सगळ्यात वर देता," तो म्हणाला.

"भावाचीच साइट आहे," मी म्हणालो.

"तेच चुकतंय सर. शेतकरी बांधव येतो, भाव पाहतो आणि चार सेकंदांत निघून जातो. तो थांबला पाहिजे. एका पानाची तीन पानं करा. भाव तिसऱ्यावर ठेवा. आणि मथळ्यात सगळं सांगून टाकू नका."

मी त्याला म्हटलं की शेतकऱ्याला कामं असतात, त्याला चार सेकंदांत भाव मिळाला तर त्यात वाईट काय. तो हसला. त्या हसण्यात मला माझा वर्ग, माझ्या रिकाम्या खुर्च्या आणि माझा शर्ट एकदम दिसला. "सर, त्याचं काम झालं. तुमचं काय झालं?" तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि शिव्या घातल्या. दोन दिवसांनी एका पानाची तीन पानं केली. महिन्याअखेरीस जे आलं ते पाहून शिव्या घालणं बंद केलं. भाव मी तेवढा अजून पहिल्या पानावर ठेवला होता. एवढं केलं म्हणून मी स्वतःला फार इमानदार समजत होतो.

आता मुहूर्ताबद्दल सांगायला हवं. दिवाळीच्या आसपास जिनिंगमध्ये खरेदी सुरू होते, त्या दिवशी काटापूजन असतं. काट्याला हार घालतात, नारळ फोडतात, पहिल्या गाडीच्या धन्याला टोपी-उपरणं देतात आणि त्याच्या कापसाला जो भाव पुकारतात तो मुहूर्ताचा भाव. तो भाव दणदणीत असतो आणि त्या एका गाडीपुरताच असतो. पहिली गाडी बहुतेक वेळा मालकाच्या ओळखीच्या माणसाचीच असते. पेढे संपले, फोटो निघाले की दुसऱ्या गाडीपासून खरा भाव सुरू. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कोणी ना कोणी मुहूर्ताचा भाव ऐकून गाडी भरतो. इंटरनेटच्या कितीतरी आधी आमच्याकडे जाहिरात होती ती ही. म्हणून वेबसाइट सुरू केल्यापासून दरवर्षी त्या दिवशी मी सगळ्यात वर एक ओळ लिहायचो: हा मुहूर्ताचा भाव आहे, याच्या भरवशावर गाडी भरू नका. जिनिंगवाले त्या ओळीसाठी माझ्यावर खार खाऊन होते. मला त्याचं सुख होतं.

माझी मोठी बहीण महागावकडच्या एका खेड्यात दिलेली. मी तिला बाई म्हणतो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. त्या वर्षी पोळ्यानंतर भाऊजी मोटरसायकलवरून पडले आणि मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये गेले. शेत, गडी, वेचणी, सगळं बाईवर आलं. पहिल्या वेच्याचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा, कापूस त्यांच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. घरात कापूस साठवला की त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते, आणि बारीक तंतू उडत राहतात. बाईची मुलगी बारावीत होती आणि तिला दम्याचा त्रास. ती ओसरीत तोंडाला ओढणी बांधून अभ्यास करायची, पान उलटलं की खोकायची. एक वेचा विकला की दुसरा त्या खोलीत येणार, म्हणजे होळीपर्यंत हेच. यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहात दिवाळीनंतर एक जागा रिकामी झाली होती. तिथल्या रेक्टरबाईंनी काटापूजनानंतरच्या सोमवारपर्यंत ती धरून ठेवते म्हणून सांगितलं होतं. कापूस बरा विकला गेला तर पोरगी यवतमाळला जाणार, मोकळ्या हवेत राहून परीक्षा देणार. नाही तर तीच ओसरी. बाईने मला फोनवर हे सगळं सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

काटापूजनाच्या आदल्या दिवशी त्या पुण्याच्या माणसाचा पुन्हा फोन आला. "सर, उद्या तुमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षीचं तुमचं पान पाहिलं. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय की हा भाव खरा नाही. मग कोण पुढे वाचेल, सर?"

"खरा नाहीच तो."

"लिहा ना सर, पण शेवटी लिहा. खोटं कुठे सांगताय? तिसऱ्या पानावर लिहिलं तरी लिहिलेलंच आहे."

हा युक्तिवाद मला पटला. पटला म्हणण्यापेक्षा आवडला, कारण त्यात मी खोटारडाही ठरत नव्हतो आणि सर्व्हरचं भाडंही निघत होतं. दुसऱ्या दिवशी मी जिनिंगच्या आवारात गेलो. पहिली गाडी मालकाच्या साडूची होती. साडू टोपी-उपरणं घालून काट्याजवळ असा उभा राहिला की जणू कापसाचा शोध त्यानेच लावला. मी त्याचा फोटो काढला, पेढा खाल्ला, घरी येऊन लिहायला बसलो. मथळा दिला: कापसाला पहिल्याच दिवशी मिळाला हा भाव, विश्वास बसणार नाही. खाली आकडा. दुसऱ्या पानावर पूजेचे फोटो. तिसऱ्या पानावर, अगदी शेवटी, हा मुहूर्ताचा भाव आहे. 'गाडी भरू नका' हे शब्द मी काढून टाकले. ते का काढले हे आजही मला नीट सांगता येत नाही. पुण्याच्या माणसाने तसं सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या वेबसाइटवर जेवढी माणसं आली तेवढी त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाहीत. संध्याकाळी मी दर दहा मिनिटांनी आकडा पाहत होतो आणि बायकोला ओरडून सांगत होतो. पुण्याच्या माणसाने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. मी त्यालाही हसरं तोंड पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाव विचारायला मी जिनिंगवर गेलो. भाव खाली आलाच होता, तो येणारच होता. फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. असली रांग एरवी मुहूर्तानंतर महिनाभराने लागते. मला मनातून गंमत वाटली. किती सहज फसतात ही माणसं, असं काहीसं मी मनात म्हटलं. मग रांगेत एका टेम्पोत, कापसावर ताडपत्री घालून, तिच्यावर बसलेली आमची बाई दिसली. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, मांडीवर डबा. मला पाहून तिचं तोंड फुललं.

"बरं झालं बापा तू आला," ती म्हणाली. "मले इथलं काही समजत नाही. तुहे भाऊजी असते तं मी कायले आली असती."

मी विचारलं, फोन का केला नाहीस. ती म्हणाली, "फोन कायले करू? तू लिहिलंच होतं ना. दारावर तो खेडा खरेदीवाला आलता, काटा घेऊन. चांगला भाव देऊन राह्यला होता. पण म्हटलं, माह्या भावानं लिहिलं त्याच्यापेक्षा लई कमी हाय. वापस पाठवला त्याले."

त्या वेळी मी तिला सांगायला हवं होतं. गाडी वळव, मी भाडं देतो, त्या खेडा खरेदीवाल्याला शोधून आणतो. हे सगळं मला सुचलं. मी म्हणालो, "थांब, पाहतो." आणि तिच्या टेम्पोबरोबर चालत काट्यापर्यंत गेलो, जणू माझ्या सोबत असण्याने भाव वाढणार होता.

मुनीमाने ताडपत्रीखाली हात घालून मूठभर कापूस ओढला, बोटांत धरून तंतू ताणला, नाकाजवळ नेला. ओल आहे म्हणाला. कवडी आहे म्हणाला. अळीने डागाळलेल्या, अर्धवट उमललेल्या बोंडांच्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. मग त्याने भाव सांगितला. तो दारावरच्या खेडा खरेदीवाल्यापेक्षा बराच खाली होता, आणि त्यातून टेम्पोचं भाडं जायचं होतं. बाईने कमरेची पिशवी उघडून फोन काढला. पदराने काच पुसली आणि मुनीमासमोर धरला.

"इथं तं हे लिहून हाय," ती म्हणाली.

मुनीम वाईट माणूस नव्हता. तो हसलाही नाही, निदान आधी तरी नाही. "बाई, तो मुहूर्ताचा," तो म्हणाला. "त्या दिवशीच्या एका गाडीचा. साडूच्या." मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तेव्हा मात्र त्याला हसू आलं. "यायलेच इचारा ना. यायनंच लिहिलं ते."

बाई माझ्याकडे वळली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. "तुले मालूम होतं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "तिसऱ्या पानावर लिहिलं होतं."

हे वाक्य मी बोललो. इतकी वर्षं झाली, कोणाला सांगितलेलं नाही. मी हातातली भावाची चिठ्ठी घडी घालत होतो आणि हे वाक्य बोललो. बाईने फोन पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मी दाबलं होतं बापा पुढचं. हिरवं बटन होतं मोठं, पुढे पाहा म्हणून. तीनदा दाबलं. तीनही डाव केसाचं तेलच निंगालं. मग फोन गाणंच म्हणाले लागला, त मी ठेवून देल्ला." ते हिरवं बटण जाहिरातीचं होतं. माझं खरं बटण त्याच्या खाली, राखाडी, बारीक अक्षरांत होतं. तेही मला माहीत होतं.

गाडी परत नेली तर दुप्पट भाडं. बाईने मुनीमाच्याच भावात कापूस टाकला. मुनीमाने हिशोबाची पट्टी दिली ती तिने न वाचता डब्यात ठेवली. जाताना मला म्हणाली, जेवून घे, उन्हाचा फिरू नको.

सोमवार आला आणि गेला. बाईने वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना फोन करून सांगितलं की जमत नाही, दुसऱ्या पोरीला द्या. मला हे भाचीकडून कळलं. आठ दिवसांनी मी महागावच्या गाडीत बसलो. खिशात पाकीट होतं, त्या महिन्यात वेबसाइटने जे दिलं ते सगळं त्यात होतं. वाटेत मी काय बोलायचं याची तयारी केली. जाहिरात कंपन्या कशा हरामखोर आहेत, त्यांची बटणं कशी फसवी असतात, फुकट पाहणारे लोक कसे आपल्याला त्यांच्या दारात नेऊन उभे करतात. हे सगळं खरं होतं आणि मी ते फार चांगलं बोलू शकलो असतो.

घरी गेलो तर पुढची खोली पुन्हा अर्धी भरली होती, दुसऱ्या वेच्याने. भाऊजी खाटेवर पाय लांब करून पडले होते. भाची ओसरीत, तोंडाला ओढणी. बाई चुलीपुढे होती. मी माझं भाषण सुरू केलं. भाऊजींनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाले, "मी सांगतलं होतं इले. म्हटलं, मुहूर्ताचा असंन तो भाव, थांब दोन दिवस."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हे म्हणे, मुहूर्ताचा असता तं माह्या भावानं वरतंच लिहिलं असतं. दरसाल लिहिते तो. नाही लिहिलं म्हणजे खराच हाय." ते बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. पायाखालची उशी नीट करत ते बोलले.

माझं भाषण तिथेच राहिलं. मी पाकीट काढून बाईपुढे ठेवलं. तिने पिठाचा हात न पुसता विचारलं, "हे त्याचेच का? त्या तेलवाल्याचे?" मी मान डोलावली. तिने कोपराने पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी म्हटलं, जागा गेली असली तरी दुसरीकडे पाहू, खोली पाहू. ती म्हणाली, "राहू दे. पोरगी जाते बसनं कॉलेजात."

भाचीला माझी दया आली असावी. ती खोकत उठली, आईचा फोन घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, मी आईच्या फोनात नवीन ब्राउझर टाकलं. जाहिराती अडवते ते. आमच्या कॉलेजात समदे हेच वापरते. आता आई कुठंबी दाबो, तेल निंगत नाही." तिने मला बरं वाटावं म्हणून हे सांगितलं. एरवी मी तिला सर्व्हरच्या भाड्यावर व्याख्यान दिलं असतं. मी म्हणालो, चांगलं केलं.

"आई, पाह्य," ती म्हणाली आणि माझी वेबसाइट उघडून फोन चुलीजवळ नेला. बाईने मान वळवून पाहिलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. काढा गेला होता, तेल गेलं होतं, पट्टा, कर्ज, पत्तेवाला तरुण, हिरवं बटण, सगळं गेलं होतं. माझं पान मी इतकं स्वच्छ कधीच पाहिलं नव्हतं. पांढऱ्या जागेत सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती, कापसाला पहिल्याच दिवशी मिळाला हा भाव, विश्वास बसणार नाही. त्या महिन्यात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं म्हणून मी ते अजून वरच ठेवलं होतं. माणसं अजून येत होती.

बाईने पिठाचं बोट त्या ओळीवर ठेवलं. "हे काहून नाही गेलं?" तिने पोरीला विचारलं.

"ते जाहिरात नाही ना आई," भाची म्हणाली. "ते मामानं लिहिलं."

बाईने बोट काढलं. काचेवर पिठाचा डाग राहिला, तो भाचीने ओढणीने पुसला. मग बाई मला म्हणाली, ताट घे, भाकर गरम हाय, आणि मी ताट घेतलं.